हळदीच्या मांडवात सात मात्रा

ज्या गाण्यावर नाचता येत नाही आणि जे संपलंय की अजून चालू आहे हे शेजारी बसलेल्याला विचारावं लागतं, त्याला प्रोग्रेसिव्ह रॉक म्हणतात. हे मी कौतुकाने सांगतोय. कॉलेजात असताना आम्ही तिघं हे वाजवायचो. नंतर वीसेक वर्षं वाजवलं नाही. मग पुन्हा एकत्र आलो आणि त्याचा एक अल्बम काढला. अल्बम इंटरनेटवर आहे, कुणालाही ऐकता येतो, बहुतेक लोक ऐकत नाहीत. त्यातलं शेवटचं गाणं अर्धं डोंबिवलीच्या एका स्टुडिओत आणि अर्धं माझ्या पुतण्याच्या हळदीत रेकॉर्ड झालेलं आहे. त्या हळदीतल्या अर्ध्या भागावरून माझ्याबद्दल एक गैरसमज पसरणार होता. म्हणून हे लिहितोय.

नावं लिहीत नाही. आमच्यातल्या एकाने सांगितलंय माझं नाव घालू नको, दुसरीने सांगितलंय घातलंस तर सगळ्यात आधी घाल. वाद नको.

गिटार वाजवणारा डोंबिवली पूर्वेचा. गाणीही तोच लिहितो, तोच गातो. नोकरी विमा कंपनीत. कीबोर्ड वाजवणारी कल्याणची, अकरावी-बारावीचे गणिताचे क्लास घेते आणि तिच्या क्लासमध्ये पंखा बंद पडला तरी मुलं तक्रार करत नाहीत, एवढा तिचा धाक आहे. ड्रम मी वाजवतो. मी कोलशेतचा. आता लोक कोलशेत म्हणतात तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर टॉवर असतात. मी त्या टॉवरच्या आधीचा. माझे वडील मिठागरात कामाला होते. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला पहिला माणूस मी, बी.एस्सी. फिजिक्स, सेकंड क्लास. सर्टिफिकेट हॉलमध्ये फ्रेम करून लावलंय. लावलं आईने, खिळा मी ठोकला.

जमिनी गेल्या, बदल्यात गाळे मिळाले, त्यांचं भाडं येतं. माझा भाऊ त्या भाड्यावर व्यवस्थित जगतो आणि मला नेहमी विचारतो, तू रोज डबा घेऊन कुठे जातोस? मी एका कारखान्यात क्वालिटी कंट्रोलला आहे. माल परत आला की चूक कोणत्या मशीनवर झाली हे शोधायचा मला पगार मिळतो. हे काम मला आवडतं.

आता तालाचं सांगतो, कारण सगळं भांडण तालाचंच आहे. आमच्या गावात जन्माला आलं की सहाचा ताल आपोआप येतो. हळदीला सहा, पालखीला सहा, नारळी पौर्णिमेला सहा. मी तो कधी शिकलो नाही. कुणीच शिकत नाही. पायात असतो. कॉलेजात गिटारवाल्याने पहिल्यांदा सात मात्रांचं गाणं पुढ्यात टाकलं तेव्हा प्रत्येक फेरीला माझा पाय एक मात्रा आधीच येऊन बसायचा. तो म्हणाला, ‘‘दादूस, तुझ्याच्याने व्हायचं नाही हे.’’ दादूस आमच्यात मोठ्या भावाला म्हणतात. तो मला प्रेमाने म्हणतो. मी त्याला गुरुजी म्हणतो, त्याला त्यात प्रेम ऐकू येतं की नाही हे मी विचारलेलं नाही.

तर सात मी शिकलो. माजिवड्याला बसची वाट बघत, मांडीवर बोटं आपटत शिकलो. एक-दोन-तीन, एक-दोन, एक-दोन. शेजारच्या बायका बाक सोडून उठून जायच्या. पूर्ण एक टर्म लागली. त्यानंतर माझे सात कधी पडले नाहीत. म्हणजे सहा मला मिळालेले आहेत आणि सात मी कमावलेले आहेत. एवढा फरक लक्षात ठेवला की पुढचं सगळं समजेल.

आमचं सगळ्यात मोठं गाणं ‘खाडी’. एकवीस मिनिटांचं, चार भागांचं, सगळं सातात. लिहिलं गिटारवाल्याने, त्याने खाडी तोवर फक्त पुलावरून बघितलेली. पण गाणं चांगलं आहे. कॉलेजच्या फेस्टिव्हलमध्ये ते वाजवलं तेव्हा तिसऱ्या भागात आयोजकांनी लाइट घालवली. चुकून नाही. तेव्हापासून ते गाणं लोकांसमोर एकदाही पूर्ण झालेलं नव्हतं, आणि हे शल्य तो विम्याचे हप्ते गोळा करता करता वीस वर्षं जपत होता.

त्यामुळे अल्बमचं ठरलं तेव्हा त्याने पहिलीच अट घातली. तीन गाणी स्टुडिओत, आणि ‘खाडी’ निम्मी स्टुडिओत, निम्मी लोकांसमोर. दोन्ही असे जोडायचे की ऐकणारा स्टुडिओत बसलेला असताना नकळत गर्दीत जाऊन उभा राहिला पाहिजे.

‘‘गर्दी कुठनं आणणार?’’ कीबोर्डवालीने विचारलं.

‘‘येतील लोक.’’

‘‘माझे विद्यार्थी आणू? पण ते भीतीने टाळ्या वाजवतील.’’

डोंबिवलीत एक छोटा हॉल घेतला. लोक आले नाहीत. आमच्या घरचे आले, त्यातले अर्धे शेवटपर्यंत गाडी लावायला जागा शोधत होते. ते रेकॉर्डिंग ऐकलं तर दुसऱ्या भागात हॉलचा माणूस खुर्च्या घड्या करून ठेवतोय हे स्वच्छ ऐकू येतं. त्याचा ताल चांगला होता. गिटारवाला म्हणाला, याला लाइव्ह म्हणता येणार नाही, हा वाईट स्टुडिओ झाला.

त्यानंतर थोड्याच दिवसांत माझ्या पुतण्याची हळद होती.

आमच्याकडे हळद लग्नापेक्षा मोठी असते. मांडव, जेवणं, बायकांचे धवले म्हणजे लग्नगीतं, आणि नाचायला बेंजो पार्टी. आमची तालीम माझ्याच घरी तळमजल्यावर चालायची, ड्रम तिथेच मांडलेले असायचे. त्या दिवशी दोघं जेवायला म्हणून आले होते. कीबोर्डवाली नवी साडी नेसून, गिटारवाला पांढरा झब्बा घालून. मी त्याला आदल्या दिवशी सांगितलेलं, पांढरं घालू नको. तो म्हणाला, शुभकार्य आहे.

दिवेलागणीला भाऊ धावत आला. ‘‘अरं, बेंजोवाल्यांचा टेम्पो बंद परला. तुमी वाजवा न तवर.’’

‘‘आमचं चालणार नाही इथे,’’ मी म्हटलं.

‘‘का नय चालनार? ढोल हाय न त्यात?’’

मी गिटारवाल्याकडे बघितलं. त्याच्या चेहऱ्यावर जो प्रकाश पडला होता तो मांडवातल्या माळेचा नव्हता. समोर चारशे माणूस, सगळं नाचायला उभं, आणि पळून जायची शक्यता नाही, कारण जेवण व्हायचं होतं. तो म्हणाला, ‘‘दादूस, मशीन गाडीत आहे.’’ मशीन म्हणजे रेकॉर्डिंगचं. त्यात प्रत्येक वाद्य वेगळ्या ट्रॅकवर जातं, आणि त्याच्या गाण्याचा माइक आणखी वेगळ्या ट्रॅकवर. हे वेगळेपण पुढे कामाला आलं.

अर्ध्या तासात सगळं स्टेजवर चढवलं. ‘खाडी’ सुरू केली.

पहिला भाग संथ आहे. लोकांना वाटलं साउंड टेस्टिंग चालू आहे. दुसऱ्या भागात काहींनी नाचायला सुरुवात केली आणि थांबले. एक पाय हवेत राहायचा. माझ्या आईचं मत याबद्दल पहिल्यापासून ठरलेलं आहे. कॉलेजात होतो तेव्हाच ती म्हणालेली, ‘‘तुजा गाना लंगरतंय र.’’ लंगडतंय. मी तिला समजावलेलं की ते लंगडत नाही, त्याला सात पाय आहेत. ती म्हणालेली, मग दवाखान्यात ने.

तिसऱ्या भागात काय झालं ते मला त्या वेळी जसं वाटलं तसं सांगतो. बायकांचा एक घोळका हळदीची ताटं घेऊन स्टेजवर चढला. आमच्यात कुणाला कोरडं सोडत नाहीत. माझ्या धाकट्या काकीची पाठ मला दिसली, मग ती गिटारवाल्याच्या आड गेली, मग कुणीतरी माझ्या मानेला मागून हळद फासली, आणि मला जाणवलं की खाली सगळा मांडव नाचतोय. सगळा. म्हाताऱ्या बायकासुद्धा. मी माझ्या पायाकडे लक्ष दिलं तर पाय सहात होता. हातही सहात होते. आम्ही तिघंही सहात होतो, आणि तसेच शेवटपर्यंत गेलो. गाणं लोकांसमोर पूर्ण झालं. पहिल्यांदा. लोक ‘आणखी एक’ म्हणाले आणि तेवढ्यात बेंजोवाले आले.

आई जवळ आली. ‘‘आज बरा वाजवलास,’’ म्हणाली. वीस वर्षांत पहिल्यांदा. तेही चुकलेल्या भागाबद्दल.

मी जेवायला बसलो. मला स्वतःची लाज वाटत होती असं नाही, मला राग आलेला. म्हणजे एवढं सगळं करून, बसस्टॉपवर वेड्यासारखा बोटं आपटून, शेवटी गावचं माणूस समोर आलं आणि माझा पाय घरी निघून गेला. मला न विचारता.

आठवड्याने गिटारवाल्याचा फोन आला. त्याने ते ऐकलेलं. तो इतका खूश होता की आधी मला वाटलं त्याला प्रमोशन मिळालं.

‘‘दादूस, सोनं आहे! काय सहात घेतलंस रे तू! सगळं कवच फोडून आतला माणूस बाहेर आला.’’

‘‘चुकलं ते,’’ मी म्हटलं. ‘‘स्टुडिओत येतो, तो भाग सातात पुन्हा वाजवून देतो. माझा जुना ट्रॅक काढ, नवा टाक.’’

‘‘वेडा आहेस का? हीच तर अल्बमची जान आहे. मी अल्बमबरोबरचा मजकूर लिहायलाही घेतला. ऐक. ‘गाणं भूमिपुत्रांच्या मांडवात शिरतं आणि आमच्या ड्रमरच्या रक्तातला आदिम ताल उसळून वर येतो.’ ’’

‘‘रक्त माझं बी पॉझिटिव्ह आहे,’’ मी म्हटलं. ‘‘त्यात दुसरं काही निघालेलं नाही.’’

‘‘अरे, कौतुक आहे हे.’’

‘‘तुझ्या रक्तात काय उसळतं?’’

तो म्हणाला, विषय बदलू नको.

मला काय खुपत होतं ते सरळ लिहितो. आमचा हा एकच अल्बम निघणार. पन्नाशी समोर दिसतेय, दुसरा निघत नाही. त्यात मी कसा वाजवतो हे एकदाच नोंदलं जाणार, आणि ते काय नोंदलं जाणार, तर गिटारवाल्याने अवघड गाणं लिहिलं आणि कोलशेतचा ड्रमवाला हळदीचा ठेका धरून बसला. सहा वाजवायला मला बोलवायची गरज नाही. आमच्या गल्लीत कुणालाही उठवा, तो डबा वाजवून दाखवेल. मला सात येतात. ते अल्बमवर नसतील तर मी तिथे कशाला आहे?

हे मी त्याला फोनवर याच शब्दांत सांगितलं. तो म्हणाला, तू स्वतःच्या मुळांना लाजतोस. मी म्हटलं, मुळं माझी आहेत, लाजायचं की नाही ते मी बघतो, तू तुझ्या पानाफुलांचं बघ. फोन कुणी ठेवला यावर अजून एकमत नाही.

मध्ये पडली कीबोर्डवाली. ती मला शेठ म्हणते आणि त्याला महाराज. तिने दोघांना एकत्र फोन लावला. ‘‘हे बघा, मला साडेपाचला बॅच आहे, म्हणून थोडक्यात सांगते. शेठ स्टुडिओत येऊन सात वाजवेल. मग दोन्ही ऐकू. मग महाराज ठरवतील. आणि महाराजांनी चुकीचं ठरवलं तर मी ठरवीन.’’

स्टुडिओ डोंबिवलीत एका पोळीभाजी केंद्राच्या वरच्या मजल्यावर आहे. दुपारी बाराच्या पुढे सगळ्या रेकॉर्डिंगला फोडणीचा वास येतो, पण तो मशीनमध्ये जात नाही. मालकाचा मुख्य धंदा देवीची गाणी आणि हळदीची गाणी. त्याने भांडण ऐकून घेतलं आणि स्वतःचं मत दिलं. ‘‘सहा ठेवा. सहाला व्ह्यूज आहेत.’’

गिटारवाला म्हणाला, ‘‘प्रश्न व्ह्यूजचा नाही.’’

‘‘मग प्रश्न नाहीच,’’ मालक म्हणाला आणि हेडफोन माझ्याकडे दिला.

काम साधं होतं. हळदीतल्या रेकॉर्डिंगमधून माझे ड्रम बंद करायचे. मला कानात फक्त गिटार आणि कीबोर्ड ऐकू येणार. त्यावर मी पुन्हा ड्रम वाजवायचे, यावेळी सातात. सुरू केलं. तिसरा भाग आला. छान चाललेलं. आणि एका जागी सगळं पायाखालून सरकलं.

‘‘पुन्हा,’’ मी म्हटलं.

पुन्हा त्याच जागी.

काचेपलीकडे गिटारवाला हसत होता. माइकमधून म्हणाला, ‘‘दादूस, रक्त!’’

तिसऱ्यांदाही तिथेच. मी काठ्या खाली ठेवल्या. कारखान्यात एखादा माल तीनदा एकाच जागी तुटला की आम्ही माल बघत नाही, मशीन बघतो. मी म्हटलं, ‘‘गिटार एकटी लाव.’’

‘‘कशाला?’’ गिटारवाला.

‘‘लाव.’’

मी बाहेर येऊन बसलो. गिटार एकटी लागली. मी मांडीवर बोटं मोजायला लागलो, कीबोर्डवाली टेबलावर मोजायला लागली, तिची तर सवयच ती. एक-दोन-तीन, एक-दोन, एक-दोन. सात. सात. सात. मग गिटार एकदम अडखळली, दोन सूर भलतेच वाजले, आणि पुढची फेरी सहाची. त्यानंतरची सहाची. आम्ही दोघांनी एकाच वेळी बोटं थांबवली.

‘‘आता माझे हळदीतले ड्रम लाव. एकटे. त्याच जागेपासून.’’

लावले. सात होते. गिटार सहात गेल्यानंतरसुद्धा माझे सात चालू होते. एक फेरी, दुसरी, तिसरी, चौथी. एकटे. ड्रमच्या माइकमध्ये शिरलेल्या लोकांच्या टाळ्या सहात पडतायत, मागून पुसट गिटार सहात, आणि मी आपला सातात. पाचव्या फेरीला ड्रम दोन मात्रा थांबले आणि मग सहात शिरले.

म्हणजे माझा पाय घरी गेलेला नव्हता. गिटारवाला तालातून पडला होता आणि मी त्याच्याकडे गेलो होतो. ड्रमवाल्याचं काम तेच. जो पडला त्याला मागे ओढायचं नसतं, आपणच त्याच्याजवळ जाऊन उभं राहायचं असतं, मग ऐकणाऱ्याला वाटतं हे ठरलेलंच होतं. मी ते इतक्या सवयीने केलेलं की मलाच आठवत नव्हतं. आणि सगळ्यांनी, माझ्यासकट, धरूनच चाललेलं, की कोलशेतच्या हळदीत सहात गेला तर कोलशेतवालाच जाणार.

खालून फोडणीचा आवाज आला.

‘‘गाण्याच्या माइकचा ट्रॅक लाव,’’ कीबोर्डवाली म्हणाली. ‘‘त्याच जागेचा.’’

लावला. आधी गर्दीचा आवाज. मग माझी धाकटी काकी, अगदी माइकजवळ, स्पष्ट. ‘‘यो पावना सुकाच हाय अजून!’’ मग काहीतरी घासल्याचा आवाज. मग गिटारवाल्याचा, ‘‘अहो काकू, चष्मा, चष्मा! अहो, दिसत नाहीये!’’ आणि लगेच ते दोन भलते सूर.

मालक इतका हसला की त्याला खुर्चीवरून उठावं लागलं.

‘‘दोन्ही काचांना लावली त्यांनी,’’ गिटारवाला म्हणाला. ‘‘मला पायाजवळची गिटारची बटणं दिसेनात. कोणत्या मात्रेवर होतो तेच... मला वाटलं मी सावरलो.’’

‘‘सावरलास ना,’’ मी म्हटलं. ‘‘सहात.’’

‘‘आणि तू काय करत होतीस?’’ त्याने कीबोर्डवालीला विचारलं.

‘‘मी एक सूर दाबून धरला होता. दोघांपैकी कुणीतरी पडलंय हे मला कळलेलं. म्हटलं, पडलेल्यांनी ठरवावं, मग मी येते.’’

गिटारवाल्याने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. आणि म्हणाला, ‘‘मग तो भाग काढायला पाहिजे. मी इथेच गिटार पुन्हा वाजवतो. सातात.’’

‘‘का?’’ कीबोर्डवाली म्हणाली. ‘‘कालपर्यंत तर ती अल्बमची जान होती.’’

‘‘कालपर्यंत तो ठेका त्याचा होता.’’

‘‘मग?’’

‘‘आता चूक आहे.’’

हे तो चेष्टेने म्हणाला नाही. त्याला त्यात काही वावगं दिसत नव्हतं. मीच ते ऐकून घेतलं आणि मला राग यायच्या ऐवजी एकदम मोकळं वाटलं, कारण आता ती चूक नेमकी कुणाची हे ठरलेलं होतं.

‘‘राहू दे,’’ मी म्हटलं.

‘‘आत्ता तर तू काढायला आलेलास.’’

‘‘मी माझे सात टाकायला आलेलो. ते आहेत तिथे. चार फेऱ्या. तो भाग जसा आहे तसा राहील, माझा नवा ट्रॅक पुसून टाका. पण तू लिहिलेला तो मजकूर जाईल. आदिम बिदिम सगळं.’’

‘‘मग काय लिहू?’’

‘‘झालं ते लिही.’’

त्याने मालकाच्या टेबलावरचं पेन उचललं, बराच वेळ धरून बसला, आणि खाली ठेवलं. म्हणाला, घरी जाऊन लिहितो. झालं ते हा लिहिणार नाही, हे मला तेव्हाच कळलेलं.

आईला मी घरी गेल्यावर सगळं सांगितलं. की तुला जो भाग आवडला तो माझा नव्हता, गिटारवाल्याच्या चुकीने झालेला. तिने नीट ऐकून घेतलं. म्हणाली, ‘‘मंग त्या पावन्याला जेवाला बोलव एकदा.’’

अल्बम बाहेर आला तेव्हा बरोबरच्या मजकुरात भूमिपुत्र नव्हते, रक्त नव्हतं. एक ओळ होती. ‘ध्वनिमुद्रण: काही भाग स्टुडिओत, काही हळदीच्या मांडवात.’ खोटं काही नाही. खरंही सगळं नाही. मी फोन करून ‘ठीक आहे’ म्हटलं. ठीक नव्हतं, पण विमा कंपनीत इतकी वर्षं काढलेल्या माणसाकडून याहून मोठा कबुलीजबाब निघत नाही हे मला माहीत होतं.

जोड मात्र चांगली झाली होती. स्टुडिओतला दुसरा भाग संपता संपता मागून माणसांचा आवाज येतो, आधी लांबून, मग जवळून, आणि तुम्ही मांडवात असता. कीबोर्डवालीने तिच्या बारावीच्या बॅचला ऐकवलं. मुलांनी भीतीने टाळ्या वाजवल्या.

महिन्याभराने अल्बमच्या खाली एका अनोळखी माणसाने लांबलचक लिहिलं. त्याला सगळं आवडलेलं. शेवटी त्याने लिहिलेलं, की ‘खाडी’च्या उत्तरार्धात ड्रमर शिकलेलं सगळं झुगारून आपल्या मातीच्या तालाकडे परततो, तो क्षण थरारक आहे.

मी ते ऑफिसात, डबा खाताना वाचलं. शिकलेलं सगळं झुगारून. एक टर्म बसस्टॉपवर उभा होतो मी. डबा बंद केला, उत्तर लिहायला घेतलं. तीनदा लिहिलं, तीनदा खोडलं, कारण तिन्ही वेळा ते बढाई मारल्यासारखं वाटत होतं. आपण बरोबर होतो हे स्वतःच सांगायला लागलं की कसंही लिहा, तक्रारच वाटते. मग साहेबांनी बोलावलं आणि राहून गेलं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा बघितलं तर तिथे उत्तर होतं. गिटारवाल्याचं. स्वतःच्या पूर्ण नावाने.

‘तो ताल ड्रमरने आणला नाही. मी चुकलो. तो बरोबर वाजवत होता आणि नंतर मला सांभाळायला आला.’

मी फोन केला नाही. त्यानेही केला नाही. त्या उत्तराखाली मी अंगठा दाबला. तो पहिलाच होता, मग थोड्या वेळाने कीबोर्डवालीचा दुसरा आला.

संध्याकाळी त्या अनोळखी माणसाने परत लिहिलं. दिलगिरी व्यक्त केली, आणि म्हणाला, की तो भाग आत्ता पुन्हा ऐकला, पण चूक नेमकी कुठे आहे ते त्याला अजून सापडत नाही.

मी त्याला मिनिट आणि सेकंद लिहून पाठवले.